हे कोणी लावलं?

गणपतीला पोरं गावी आली की विहिरीवर हमखास गर्दी. यंदा मुक्ता काठावरून ओणवून आत बघत होती आणि मी मागून तिचा फ्रॉक घट्ट धरून उभा होतो. एकदम ओरडली, "आबा, विहिरीत झाड!" बघतो तर खरंच. पाण्याच्या हातभर वर, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप डोकावत होतं. तांबूस, लुसलुशीत चार पानं.

"हे कोणी लावलं?"

"आजीनं," छोटू म्हणाला.

"आजी काय विहिरीत उतरून झाडं लावते?"

मी उत्तर दिलं नाही. ओटीवर येऊन बसलो, अडकित्ता हातात घेतला. पोरांना कळलं, गोष्ट येणार.

तिकडे लांब जावा आणि सुमात्रा ही दोन मोठी बेटं. त्यांच्या मधल्या समुद्रात क्राकाटोआ नावाचं छोटं बेट होतं, गर्द रानानं झाकलेलं. २७ ऑगस्ट १८८३ या दिवशी तिथला ज्वालामुखी असा फुटला, की ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर लोकांना वाटलं, कुठंतरी तोफा डागतायत. उसळलेल्या लाटांनी किनाऱ्यावरची ३६ हजारांहून जास्त माणसं नेली. बेटाचा दोन तृतीयांश भाग समुद्रात गडप झाला. उरलेल्या तुकड्यावर राखेचा जाड थर बसला.

नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये, काही फ्रेंच मंडळी तिथं उतरली. जिवंत काही दिसतंय का म्हणून शोध शोध शोधलं. सापडला फक्त एक कोळी. बारीकसा. आणि तो जाळं विणत होता.

"पण माशी तर एकपण नव्हती ना?" मुक्ता म्हणाली.

"नव्हती. पण कोळ्याला दुसरं येतं काय?"

"तो आला कसा? पोहत?"

उडत. कोळ्याची बारकी पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढतात, शेपटाकडचा भाग वर करतात आणि रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडतात. धागा ताणला गेला की पिल्लू तरंगत निघतं. चार्ल्स डार्विन हा मोठा निसर्ग अभ्यासक १८३२ साली बीगल जहाजावर होता. किनारा जवळजवळ शंभर किलोमीटर दूर, आणि जहाजाच्या दोरांवर अचानक हजारो चिमुकले कोळी येऊन बसले. कुठं जायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. वारा नेईल ते गाव.

क्राकाटोआवर पुढं काय झालं? तीन वर्षांनी, १८८६ साली, ट्रॉइब नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथं गेले. राखेवर शेवाळाचा निळसर-हिरवा चिकट थर धरला होता आणि त्यावर नेच्याच्या तब्बल ११ जाती उगवल्या होत्या. नेच्याला बी नसतं. पानामागं धुळीसारखी भुकटी असते, ती वाऱ्यावर कुठंही जाते. किनाऱ्याला समुद्रानं आणून टाकलेल्या बिया रुजल्या होत्या.

"समुद्राचं पाणी खारट. बी मरत नाही?"

हाच प्रश्न डार्विनला पडला होता. त्यानं ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात २८ दिवस बुडवून ठेवल्या. त्यातल्या ६४ प्रकारच्या त्यानंतरही रुजल्या! मग त्यानं आणखी एक गंमत केली. एक मेलेलं कबूतर ३० दिवस खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवलं आणि त्याच्या गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीतल्या बिया पेरल्या. जवळजवळ सगळ्या उगवल्या.

"शी!" दोघं एकदम.

"शी काय? आणि एकदा तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल घेतला, चहाच्या एका कपात मावेल एवढा. सहा महिने खोलीत झाकून ठेवला. उगवलं ते रोप मोजायचं आणि उपटायचं. किती निघाली असतील?"

"दहा."

"पन्नास!"

"५३७. आता सांगा, तळ्यावरून उडालेल्या बदकाच्या पायाला लागून काय काय प्रवास करत असेल?"

छोटूनं स्वतःचे चिखलाचे पाय बघितले आणि हळूच मागं ओढले.

पुढं क्राकाटोआवर पाखरं आली, वटवाघळं आली. शेजारच्या बेटांवरची उंबराच्या गोतावळ्यातली फळं खाऊन यायची आणि इथं शिटायची. शिटेतल्या बिया रुजल्या. पन्नास वर्षांच्या आत त्या राखेच्या ढिगावर पुन्हा रान उभं राहिलं.

मुक्ताचे डोळे चमकले. "म्हणजे विहिरीतला पिंपळ पाखरानं लावला!"

"शाबास. पिंपळ उंबराचाच भाऊबंद."

वारा, पाणी, पोट आणि पाय. निसर्गाच्या या चार गाड्या. एखादी पाचवी क्वचित सुटते. १९९५ साली कॅरिबियन समुद्रात दोन चक्रीवादळं झाली. त्यानंतर अँग्विला नावाच्या बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा गुंताडा लागला. त्यावर बसून आल्या पंधरा-एक हिरव्या इग्वाना, म्हणजे हातभर लांब सरडे. त्या जातीचा एकही सरडा त्या बेटावर आधी नव्हता. उतरले आणि झाडीत शिरले.

"मग झालं ना? पोचले की संपलं."

नाही रे. पोचणं हा नशिबाचा भाग. राहायचं कसं, ते नवं गाव शिकवतं. पॅसिफिक महासागरात गॅलापागोसची बेटं आहेत. त्यातल्या डॅफ्नी मेजर या उघड्याबोडक्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या नवरा-बायकोनी १९७३ पासून फिंच नावाच्या चिमण्यांएवढ्या पाखरांच्या चोची मोजल्या. १९७७ साली तिथं जवळजवळ पाऊसच पडला नाही. मऊ, बारक्या बिया संपल्या. राहिली ती आपल्या सराट्यासारखी टणक काटेरी फळं. ती फोडता न आलेली बहुतेक पाखरं मेली, जाड चोचीची तगली. त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. पुढं भरपूर पाऊस झाला, बारक्या बिया मुबलक आल्या, तेव्हा बारक्या चोचीच्यांचं फावलं. कोणी ठरवून चोच जाड केली नाही. ज्याची जमली त्याचा वंश पुढं गेला, एवढंच.

१९८१ साली त्याच बेटावर शंभरावर किलोमीटरवरून एक नर आला. अंगानं मोठा, गाणं वेगळं. त्यानं इथलीच मादी केली. पोरं बापाचं गाणं शिकली. पण इथल्या माद्यांना ते गाणं ओळखीचं वाटेना, म्हणून पुढं ती पाखरं आपसातच जोड्या जमवू लागली. शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलं, की एका पाहुण्यापासून वेगळी वंशावळ सुरू झाली. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, तसं. फक्त हे रक्तात उतरलेलं घराणं.

"आपल्याकडे अशी बेटं नाहीत?" मुक्तानं विचारलं.

आहेत, पण समुद्रात नाहीत. घाट चढून आंबोलीला जा. वरती जांभ्या दगडाचा सडा पसरलाय. खाली दऱ्या, पलीकडे गरम सपाटी. ज्याला ती ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी तो सडा बेटच. तिथं अंगठ्याएवढा एक भेक राहतो. कुशीवर वाघासारखे पिवळे-काळे पट्टे. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो, आणि डबकं आटायच्या आत पिल्लांनी मोठं व्हायचं. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला आंबोलीचा भेक म्हणून नाव दिलं. त्याचा एकच सख्खा चुलतभाऊ, तो तिकडे कोयनेच्या बाजूला. बेडूक-भेकांना कुठलीच गाडी धड चालत नाही. वाऱ्यावर तरंगता येत नाही आणि खाऱ्या पाण्यात त्यांची अंडी मरतात.

"मग आंबोलीतले मेले तर?"

अडकित्ता थांबला. हाच प्रश्न मी कितीतरी दिवस मनात घोळवतोय. क्राकाटोआ पुन्हा हिरवं झालं, कारण तिथून चाळीस-एक किलोमीटरवर बिया आणि पाखरं पाठवणारा शेजार शाबूत होता. आंबोलीच्या भेकाला शेजार नाही. पावसात तो रस्त्यावर येतो, गाड्यांखाली चिरडला जातो, आणि त्याची जागा भरून काढायला कुठूनही दुसरा येणार नाही.

पोरं गप्प झाली. मग छोटू म्हणाला, "पिंपळाचं काय करायचं?"

"चिऱ्यात वाढला तर विहीर फोडेल."

शिडी लावली. शेजारचा नाना खाली उतरला आणि मुळं न तुटता रोप अलगद सोडवून घेऊन आला. पोरांनी ते गडग्यापलीकडे मोकळ्या जागेत लावलं आणि लोटाभर पाणी घातलं.

"आता कोणी विचारलं, कोणी लावलं, तर?" मी विचारलं.

मुक्तानं थोडा विचार केला. "एखाद्या पाखरानं. आम्ही फक्त घर बदलून दिलं."