न्यायमूर्तींची दौत

सन १८८३ ची गोष्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन रात्री-अपरात्री उठून टिपणे काढीत. पण मनासारखा मजकूर उतरेना. खाणावळी, आगगाड्या, नाटकगृहे यांत काळा-गोरा भेद करण्यास बंदी घालणारा १८७५ चा कायदा बाकीच्या आठही न्यायमूर्तींनी घटनाबाह्य ठरवला होता. हार्लन तेवढे एकटे विरुद्ध!

आणि हे हार्लन कोण? केंटकीत १८३३ साली गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेले. यादवी युद्धात ते उत्तरेकडून लढले खरे. पण ते देश एकसंध राहावा म्हणून. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीला त्यांनी उघड विरोध केला होता. मात्र युद्धानंतर कृष्णवर्णीयांवर चाललेले अत्याचार पाहून त्यांचे मन पालटले. १८७१ मध्ये ते गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी त्यांची जुनी भाषणे उकरून काढली. हार्लननी आपली चूक सरळ कबूल केली. निवडणूक हरले, पण १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले.

पतीची घालमेल पत्नी मॅल्विनाबाई पाहत होत्या. त्यांच्यापाशी एक जुनी दौत लपवून ठेवलेली होती. कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असा १८५७ चा कुप्रसिद्ध निकाल देणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांची ती दौत! एका रविवारी हार्लन चर्चला गेले असता बाईंनी ती घासूनपुसून, शाई भरून टेबलावर मांडली. बाकीच्या दौती हलवल्या. हार्लन परतले, त्यांनी ती ओळखली, आणि अडलेली लेखणी धावू लागली.

पुढे १८९६ मध्ये आगगाडीत गोऱ्या-काळ्यांचे डबे वेगळे ठेवणे सात न्यायमूर्तींनी कायदेशीर ठरवले. तेव्हाही विरोध एकट्या हार्लन यांचाच. घटनेला माणसाचा रंग दिसत नाही, असे त्यांनी बजावले. पण त्याच निकालपत्रात चिनी लोकांना त्यांनी हिणवले, हेही सांगितलेच पाहिजे. पूर्वग्रहाची सारी जळमटे एका झाडणीत थोडीच निघतात!

१९११ साली हार्लन वारले. १९५४ मध्ये त्याच न्यायालयाने शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. एकट्याचे मत खरे ठरायला अठ्ठावन्न वर्षे लागली. दौत तीच होती. फक्त टाक बुडवणारा हात बदलला होता.