फुकट, मोफत आणि सर्वांचे

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाला एका माजी सभासदाने नवा संगणक भेट दिला. जोडणी करायला आलेल्या मुलाने विचारले, "काका, सगळी सॉफ्टवेअर टाकून देऊ? फुकटच आहेत." त्याच्या पेनड्राइव्हवर कुलूप तोडलेले महागडे प्रोग्राम होते. मी वाचनालयाचा चिटणीस. पुस्तक परत न करणाऱ्याकडून दंड घ्यायचा आणि स्वतः चोरीचा माल वापरायचा, हे मनाला पटेना. मी नको म्हटले. मग 'रीतसर फुकट' काय मिळते, याचा शोध सुरू केला.

या शोधाचे एक टोक अमेरिकेतील शिकागोत सापडले. १९७७ साली वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी टेलिफोनच्या तारेवरून फाइल पाठवण्याचा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांनी व रँडी सूस यांनी संगणकावरचा सूचनाफलक सुरू केला. एका वेळी एकानेच फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा. हौशी मंडळींच्या ऑनलाइन देवाणघेवाणीची ही सुरुवात.

१९८५ साली अमिगा हा नवा संगणक बाजारात आला, तेव्हा त्यावर चालणारे प्रोग्राम थोडे होते. फ्रेड फिश या प्रोग्रामरने इतरांनी लिहिलेले, वाटायला मोकळे असलेले प्रोग्राम गोळा करून ८८० किलोबाइटच्या फ्लॉपींवर भरायला सुरुवात केली. ठिकठिकाणच्या वापरकर्त्यांच्या मंडळांनी त्यांच्या प्रती काढून वाटल्या. १९९४ पर्यंत या मालिकेत ११२० फ्लॉपी झाल्या.

लोक या साऱ्याला सरसकट 'पब्लिक डोमेन' म्हणत. गोंधळ इथेच होतो. पब्लिक डोमेन म्हणजे ज्यावर कुणाचाही कॉपीराइट उरलेला नाही ते. मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरवर लेखकाचा हक्क कायम असतो. वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची परवानगी तो काही अटींवर देतो. शेअरवेअर म्हणजे आधी वापरून पाहा, पसंत पडले तर पैसे द्या. फिश यांच्या फ्लॉपींवर हे सगळेच प्रकार होते.

आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. संगणकाचा इतिहासच अजून इतका लहान आहे, की मुदत संपून मोकळे झालेले प्रोग्राम आपल्या हाती येणे दुरापास्त. म्हणून लेखकाने स्वतःहून हक्क सोडावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ मध्ये तशी सोयही आहे. परदेशातले ठळक उदाहरण एसक्यूलाइटचे. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेली ही माहिती साठवण्याची प्रणाली पब्लिक डोमेनमध्ये आहे आणि आज बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती चालते. तुमच्या खिशातही असेल.

शोधता शोधता मी तीन नियम पाळू लागलो. प्रोग्राम मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यायचा. सोबतची परवान्याची फाइल आधी वाचायची. ती नसेल तर 'मोफत' या शब्दावर विसंबायचे नाही. आणि अडले तर वापरकर्त्यांच्या समूहात विचारायचे, पण आधी जुनी उत्तरे चाळून.

आमची गरज पुस्तकांच्या नोंदींची होती. त्यासाठी न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी तयार झालेले आणि २००० सालापासून वापरात असलेले 'कोहा' मिळाले. ते पब्लिक डोमेन नाही, मुक्त परवान्याचे आहे. मराठी नोंदींचा क्रम लावताना अडलो, तेव्हा समूहातल्या एका अनोळखी ग्रंथपालाने दोन दिवस खपून मार्ग सांगितला. काही महिन्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला. त्याला उत्तर मी दिले.

'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आणि माओरी रीतीप्रमाणे घेणाऱ्याने पुढे काहीतरी द्यायचे असते.