शर्टाच्या कापडाची पारख

जून आला की गणवेशाचे दोन शर्ट घ्यावे लागतात. दुकानदार ठाण उलगडतो. कापड कडक, चकचकीत दिसते, भावही बेताचा असतो. चार धुण्यांनंतर तेच कापड पोतेऱ्यासारखे होते आणि वर्षभर तोच शर्ट घालावा लागतो! घेतानाच हे कसे ओळखावे?

प्रथम तो कडकपणा कशाचा आहे ते पाहा. कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून जोराने चोळा. बोटांना पांढरी भुकटी लागली आणि तेवढाच भाग लुळा पडला, तर कडकपणा खळीचा होता. खळ धाग्यांमधल्या फटी बुजवते आणि धुण्यात निघून जाते. चोळलेला भाग उजेडासमोर धरला की वीण किती विरळ आहे ते दिसते. पुठ्ठ्यात १ सें.मी. चौरस खिडकी पाडून भिंगाखाली उभे-आडवे धागे मोजताही येतात. (वर्गात हा प्रयोग जरूर करावा.)

दुकानात '४० नंबरचे सूत' असे म्हणतात. याचा अर्थ, १ पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम सुतात ८४० वारांच्या ४० लडी बसतात. हिशेब केल्यास १ ग्रॅम सूत सुमारे ६८ मीटर भरते. नंबर जितका मोठा तितके सूत तलम. परंतु तलम म्हणजे टिकाऊ नव्हे. रोज बाकावर घासणाऱ्या बाहीला फार तलम कापड मी तरी घेणार नाही.

सुती कापड आटते का? मागावर उभे धागे ताणलेले असतात. कापड भिजले की तंतू फुगतात, अडकलेला ताण मोकळा होतो आणि लांबी कमी होते. ७० सें.मी. लांबीचा शर्ट ५ टक्के आटला तर साडेतीन सें.मी. गेले! म्हणून कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे.

साधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम ओलावा शोषतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा शर्ट अंगाला चिकटतो. पावसाळ्यात मात्र तो लवकर वाळतो, हेही खरे.

भेसळ ओळखायला कापडाच्या कडेचे उभे आणि आडवे असे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरून शिक्षकांसमोर ज्योतीवर न्या. कापूस कागदासारखा जळतो, मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि त्याची कठीण गुठळी होते. अशी तापलेली गुठळी कातडीला चिकटून खोल भाजते, तेव्हा हात लावू नका. राख आणि गुठळी दोन्ही दिसली, तर दुकानदार काहीही सांगो, कापड मिश्र आहे.