पायथनची कोणती आवृत्ती निवडावी? वेग आणि सुसंगतता

प्रकल्प सुरू करताना गटात आवृत्तीवरून वाद होतोच. एक म्हणतो, ‘नवी घ्या, ती वेगवान आहे.’ दुसरा म्हणतो, ‘जुनीच राहू द्या, आपल्या सगळ्या लायब्ररी तिच्यावर चालतात.’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते. हा वाद तपासून कसा मिटवायचा, ते या टिपणात पाहू.

रनटाइम म्हणजे काय?

तुम्ही लिहिलेला पायथन प्रोग्राम प्रोसेसर थेट चालवत नाही. इंटरप्रिटर आधी त्याचे बाइटकोडमध्ये रूपांतर करतो आणि मग त्यातली एकेक सूचना अमलात आणतो. इंटरप्रिटर, मेमरीची व्यवस्था आणि स्टँडर्ड लायब्ररी मिळून रनटाइम तयार होतो. आवृत्ती बदलली की यांपैकी काहीही बदलू शकते, मग तुमच्या प्रोग्राममध्ये एक अक्षरही बदललेले नसले तरी.

सुसंगतता कुठे तुटते?

१. बायनरी पातळी: नमपायसारख्या लायब्ररीत सी भाषेतला कोड असतो आणि तो विशिष्ट आवृत्तीसाठी कंपाइल केलेला असतो. ३.१० साठी बनवलेली फाइल ३.११ वर सहसा चालत नाही.

२. स्टँडर्ड लायब्ररी: जुनी मॉड्यूल काढून टाकली जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ हे मॉड्यूल गेले.

३. भाषेचा अर्थ: पायथन २ मध्ये ७ भागिले २ याचे उत्तर ३ येत असे, पायथन ३ मध्ये ते ३.५ येते.

पहिल्या दोन प्रकारांत बहुधा एरर येते आणि आपण सावध होतो. तिसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण प्रोग्राम निमूटपणे चालतो आणि उत्तर मात्र बदलते. समजा, निकालाच्या प्रोग्राममध्ये उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात आणि एका विद्यार्थ्याला ३४.५ गुण आहेत. पायथन २ मधले ‘राउंड’ फंक्शन त्याचे ३५ करते. पायथन ३ मध्ये संख्या बरोबर मध्यावर असेल तर ती जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणून ३४ मिळतात. कोड तोच, गुणही तेच, पण विद्यार्थी नापास!

वेगाचे काय?

नवी आवृत्ती वेगवान असतेच असे नाही. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आली, तेव्हा ‘पायस्टोन’ चाचणीत ती २.५ पेक्षा सुमारे १० टक्के मंद असल्याचे तिच्या अधिकृत माहितीतच नमूद होते. याउलट ऑक्टोबर २०२२ मधली ३.११ ही ३.१० च्या तुलनेत प्रमाणित चाचण्यांवर सरासरी १.२५ पट वेगवान ठरली. तिचा इंटरप्रिटर प्रोग्राम चालू असताना वारंवार येणाऱ्या सूचना ओळखतो आणि त्या जागी विशिष्ट प्रकारच्या डेटासाठी बनवलेल्या जलद सूचना वापरतो.

पण हा १.२५ चा आकडा तुमच्या प्रोग्रामला जसाच्या तसा लागू होत नाही. समजा, प्रोग्रामला १०० सेकंद लागतात. त्यातले ८० सेकंद नमपायच्या सी कोडमध्ये जातात आणि २० इंटरप्रिटरमध्ये. वेग वाढेल तो फक्त या २० सेकंदांचा:

२० ÷ १.२५ = १६ सेकंद

एकूण वेळ ९६ सेकंद, म्हणजे बचत फक्त ४ टक्के.

निर्णय कसा घ्यावा?

• आधी त्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळतात का ते पाहा. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला.
• प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि सर्व लायब्ररी बसतात का ते तपासा.
• ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत असे इनपुट दोन्हीकडे चालवा आणि उत्तरे ताडून पाहा.
• उत्तरे जुळल्यावरच वेळ मोजा. एकाच संगणकावर, तोच डेटा घेऊन, किमान पाच वेळा.
• निवडलेली आवृत्ती आणि लायब्ररींचे क्रमांक प्रकल्प अहवालात लिहा. परीक्षकांच्या संगणकावर प्रोग्राम चालला नाही, तर शोध तिथूनच सुरू करता येतो.

थोडक्यात, आधी उत्तर बरोबर आहे का ते पाहा, मग वेग. चुकीचे उत्तर लवकर मिळाले तरी ते चुकीचेच.

स्वाध्याय

१. पायथन ३ मध्ये ३३.५, ३४.५ आणि ३५.५ यांवर ‘राउंड’ वापरा. मिळालेल्या उत्तरांचे कारण लिहा.
२. वरच्या उदाहरणात इंटरप्रिटरचा वाटा ८० सेकंद असता, तर एकूण किती वेळ लागला असता?