दुर्योधनाची बाकी

दुर्योधनावर कादंबरी लिहायला बसलो, तेव्हा सौ.नं विचारलं, ‘‘चांगली माणसं संपली वाटतं?’’ मी हसून वेळ मारून नेली. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्येच रावणाच्या मुलाला, मेघनादाला, महाकाव्याचा नायक केलं. आपल्याकडे ‘मृत्युंजय’नं १९६७ साली कर्णाला घराघरांत नेऊन बसवलं. मग दुर्योधनानंच काय घोडं मारलं होतं?

त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बाप थोरला, पण आंधळा म्हणून गादी गेली धाकट्याकडे. ती आपल्याकडे परत यावी असं मुलाला वाटलं, तर त्यात नवल काय? भर मैदानात कर्णाचं कुळ काढलं गेलं, तेव्हा त्याला अंगदेशाचं राज्य देणारा हाच. शेवटच्या गदायुद्धात कमरेखाली वार करून नियम मोडला तो भीमानं. शल्यपर्वात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन भीष्म, द्रोण, कर्ण कसे मारले गेले ते कृष्णाला एकेक करून ऐकवतो, आपण राजासारखे जगलो असं ताठ मानेनं सांगतो आणि त्याच्यावर आकाशातून फुलं पडतात. पांडव ओशाळतात. खुद्द महाभारतानंच त्याचं म्हणणं दडपलेलं नाही.

माझी लेखणी भरभर चालली. तीनशे पानं झाली. सौ.नं हस्तलिखित वाचलं आणि चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘तुमच्या सभेत द्रौपदी कुठं आहे?’’

मी पानं चाळली. द्यूताचं प्रकरण सत्तावीस पानांचं. फासे, शकुनी, धर्मराजाचं व्यसन, सगळं तपशीलवार. द्रौपदीला केसांना धरून ओढत आणलं ते मात्र चार ओळींत, तेही दुःशासनाचा अविचार म्हणून. दुर्योधनानं तिला आपली डावी मांडी उघडी करून दाखवली, ते तर लिहिलंच नव्हतं. मुद्दाम गाळलं असंही आठवेना. नायकावर जीव जडला होता, एवढंच.

मला जास्त लाज वाटली ती जुन्या नोकरीमुळं. बँकेत असताना थकलेले कर्जदार टेबलासमोर बसून हकीकत सांगायचे. पाऊस दगा देऊन गेला, भागीदार पळाला, घरात आजारपण. हकीकत बहुतेक वेळा खरी असायची. ती पूर्ण ऐकायची, जमेल तर मुदत वाढवून द्यायची. पण खात्यावरची बाकी खोडायची नाही, एवढं तिथं शिकलो होतो. कादंबरीत मी नेमकी बाकीच खोडली होती.

मग ‘ऊरुभंग’ पुन्हा काढलं. भासाचं म्हणून ओळखलं जाणारं हे छोटं संस्कृत नाटक. त्याचा नायक दुर्योधनच. तो मरणाच्या दारात असताना त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो आणि सवयीनं मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला अडवावं लागतं. वाचताना घसा दाटून येतो. पण नाटककार हिशेब विसरत नाही. सूडानं पेटलेल्या अश्वत्थाम्याला दुर्योधन स्वतःच सांगतो, की द्रौपदीचे केस ओढले, कोवळा अभिमन्यू मारला, पांडवांना कपटानं जिंकून वनात धाडलं. त्या मानानं त्यांनी माझं केलं ते थोडंच. मुलाला तो बजावतो, द्रौपदीला आईसारखं मान.

सभेत उघडी केलेली मांडी तीच आणि मुलाला न मिळालेली मांडीही तीच. पहिली गाळली, तर दुसरी नुसती रडवते. तिचा अर्थ लागत नाही.

ते प्रकरण मी नव्यानं लिहिलं. स्वतःला आधीच हरलेला माणूस मला पणाला कसा लावतो, हा द्रौपदीचा प्रश्न आणि त्यावर गप्प बसलेली सभा, सगळं दुर्योधनाच्याच तोंडून. कुठंही सारवासारव नाही. सौ.नं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, ‘‘आता वाईट वाटलं हो त्याचं.’’