आकाशकंदील
दिवाळीच्या दिवसांत घराबाहेर उंचावर टांगण्यात येणारा, बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद चिकटवून तयार केलेला दिवा. कार्तिक महिन्यात उंच काठीवर आकाशदीप लावण्याचे विधान धर्मशास्त्रविषयक ग्रंथांत आढळते. पितरांना प्रकाश दाखविणे हा त्यामागील भाव होय. महाराष्ट्रात या धार्मिक दीपाला एक स्वतंत्र दृश्यरूप लाभले. चांदणी, कमळ, होडी, विमान अशा ओळखू येणाऱ्या आकारांचे कंदील पुष्कळ होतात. परंतु ज्याला सामान्यतः ‘पारंपरिक कंदील’ म्हणतात, तो कोणत्याही वस्तूची प्रतिकृती नसतो. भौमितिक घनाकृती, तिच्या पृष्ठांवरील रंग व त्यांतून येणारा प्रकाश एवढ्यांवरच त्याचा परिणाम अवलंबून असतो. या अर्थाने तो अप्रतिरूप कलेचाच एक आविष्कार आहे, आणि महाराष्ट्रात घराघरांतून पोचलेला असा दुसरा आविष्कार दाखविणे कठीण आहे.

रचना : पारंपरिक कंदिलाच्या प्रमुख प्रकारात समान लांबीच्या २४ कामट्या लागतात. चार-चार कामट्या बांधून सहा चौकोन केले जातात. त्यांपैकी चार चौकोन कोनावर उभे करून, टोकाला टोक जोडून त्यांचे कडे तयार करतात. उरलेल्या दोहोंपैकी एक वरच्या चार टोकांवर व दुसरा खालच्या चार टोकांवर बांधतात. चौकोनांच्या मध्ये आठ समभुज त्रिकोण आपोआप निर्माण होतात; त्यांसाठी एकही वेगळी कामटी लागत नाही. अशा रीतीने १२ कोपरे, २४ कडा व १४ पृष्ठे असलेली घनाकृती सिद्ध होते. घनाचे आठही कोपरे कडांच्या मध्यबिंदूंपर्यंत छाटले असता हीच आकृती मिळते. आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) याने वर्णिलेल्या १३ अर्धनियमित घनाकृतींपैकी ही एक असून त्याच्या या कार्याची माहिती पॅपस या ग्रीक गणितज्ञाच्या लेखनातून मिळते. योहानेस केप्लर याने १६१९ मध्ये या सर्व आकृतींचे पुन्हा पद्धतशीर विवेचन केले. कंदील बांधणाऱ्यांना यातील काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कड्यात चाराऐवजी सहा किंवा आठ चौकोन घेऊनही कंदील करतात. मात्र तेव्हा वरच्या व खालच्या पृष्ठांसाठी अधिक लांबीच्या कामट्या घ्याव्या लागतात. एकाच मापाच्या कामट्यांनी आकृती पूर्ण होते, ती फक्त चार चौकोनांच्या कड्यात.

या आकृतीचा आणखी एक गुण म्हणजे तिच्या केंद्रापासून प्रत्येक कोपऱ्याचे अंतर कामटीच्या लांबीइतकेच असते. अमेरिकन अभिकल्पक बकमिन्स्टर फुलर (१८९५–१९८३) याला याच गुणामुळे तिचे विशेष आकर्षण वाटले. नुसत्या सांध्यांनी जोडलेला हा सांगाडा दाबला असता पिळवटत मिटत जातो, हे त्याने १९४०–५० या दशकात प्रात्यक्षिकांनी दाखविले. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र सहज तिरपा होतो, हे त्याचे कारण. कागद न लावलेला कंदील हातात घेणाऱ्या कोणालाही हा अनुभव येतो. म्हणूनच कुशल कारागीर चौकोनांवर आधी कागद चढवितो. ताणून बसलेला कागद चौकोनाला तिरपे होऊ देत नाही, आणि पृष्ठे ताठ असलेली बहिर्वक्र घनाकृती अचल असते, हा ऑग्युस्तँ कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८१३ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे लागू पडतो. तात्पर्य, कागद हे केवळ सजावटीचे आवरण नसून रचनेचा भार वाहणारा घटक आहे.

साहित्य : कामट्या बुरुडाकडून चिरून घेत. बांबूच्या सालीकडील भाग चिवट असल्याने त्याची कामटी उत्तम. सांधे दोऱ्याने आवळतात. चिकटविण्यासाठी पिठाची खळ वापरतात व तिला कीड लागू नये म्हणून तीत किंचित मोरचूद घालतात. कडा सोनेरी पट्ट्यांनी झाकून त्यांवर कागदी करंज्या लावतात. खाली झिरमिळ्या सोडतात. दिवा ठेवण्यासाठी व उष्ण हवा निघून जाण्यासाठी तळाचे व माथ्याचे पृष्ठ अंशतः उघडे ठेवावे लागते. पणतीच्या काळात याकडे दुर्लक्ष झाल्यास कंदील पेट घेत असे.

रंगयोजना : या आकृतीत प्रत्येक कडेच्या एका बाजूस चौकोन व दुसऱ्या बाजूस त्रिकोण येतो. त्यामुळे दोनच रंग घेतले तरी एका रंगाची दोन पृष्ठे कोठेही कडेला कड लावून येत नाहीत. तांबडे चौकोन व पिवळे त्रिकोण ही योजना या दृष्टीने निर्दोष होय. अनेक रंग वापरणारे कंदील अधिक आकर्षक वाटले, तरी त्यांत आकृतीची लय बहुधा हरवते. आतील दिव्यापासून चौकोन त्रिकोणांपेक्षा जवळ असतात. कामटी ३० सेंमी. असल्यास चौकोनाचा मध्य केंद्रापासून सु. २१ सेंमी. व त्रिकोणाचा सु. २४·५ सेंमी. अंतरावर येतो. परिणामी चौकोनाच्या मध्यावर सु. एकतृतीयांश अधिक प्रकाश पडतो. म्हणून गडद कागद चौकोनांना व फिकट त्रिकोणांना लावल्यास संपूर्ण कंदील समतोल उजळतो.

कागदाच्या जातीनेही परिणाम पालटतो. पतंगी कागद प्रकाश पसरवितो व प्रत्येक पृष्ठ स्वयंप्रकाशी भासते. जिलेटिनचा कागद पारदर्शक असल्याने आतील दिवा उघडा दिसतो, परंतु भिंतीवर रंगीत आकृत्या पडतात. दिवसा अशा कंदिलात मागील व पुढील पृष्ठांचे रंग एकमेकांवर येतात : निळ्यामागे पिवळा आल्यास हिरवा, तांबड्यामागे हिरवा आल्यास जवळजवळ काळा. वाऱ्याने कंदील फिरताच हे मिश्रण बदलते. म्हणजे एकाच वस्तूची दिवसाची व रात्रीची रंगयोजना भिन्न असते.

कलेतील स्थान : विसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेत घनाकृती अवकाशात टांगण्याचे प्रयोग झाले. रशियातील अलेक्सांद्र रॉडचेंको याने १९२०–२१ मध्ये प्लायवुडच्या टांगत्या रचना केल्या. ब्राझीलमधील हेलिओ ऑइटिसिका याने १९६० च्या सुमारास रंगविलेल्या लाकडी फळ्यांच्या टांगत्या रचनांतून रंगाला चित्रफलकाबाहेर काढले. त्यांची गणना शिल्पात होते. इसामू नोगुची (१९०४–८८) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. जपानमधील गिफू येथील बांबू व कागदाच्या पारंपरिक कंदिलांवरून त्याने १९५१ पासून ‘आकारी’ नावाचे दिवे घडविले आणि १९८६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते शिल्प म्हणून मांडले. आकाशकंदिलाला असा पुरस्कर्ता लाभला नाही. त्याचा विचार सणाच्या सजावटीत होतो, कलेच्या चर्चेत क्वचितच. महाराष्ट्राच्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत घनभूमिती हा विषय दीर्घकाळ होता. परंतु विद्यार्थ्याने कागदावर रेखाटलेले घन आणि त्याच्या घरावर टांगलेला घन यांची सांगड घातली गेल्याचे दिसत नाही.

सद्यःस्थिती : मुंबईत माहीम येथील कंदील गल्ली तयार कंदिलांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्णा (जि. परभणी) यासारख्या लहान गावांत मात्र कंदील ही प्रायः घरीच करावयाची वस्तू होती. पुढे प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या तयार कंदिलांनी ही प्रथा मागे सारली. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सजावटीसाठीच्या थर्मोकोलवर बंदी घातल्यानंतर कागद, कापड व बांबू यांच्या कंदिलांना पुन्हा काहीशी मागणी आली. त्यांतील बरेचसे घडी घालून ठेवता येणारे, पुठ्ठ्याचे असतात. पुठ्ठ्यावर घड्यांच्या रेषा आधीच उमटविलेल्या असल्याने ते कोणालाही उभे करता येतात. कामट्यांच्या कंदिलात मात्र दोन चौकोनांची टोके दोऱ्याने कितपत आवळावीत, हे हातानेच कळावे लागते : सैल बांधल्यास आकृती कलते आणि फार घट्ट बांधल्यास शेवटचा चौकोन बसत नाही.