आमरी : फुलोऱ्यानंतरची निगा व अभिवृद्धी

आमरी अथवा ऑर्किड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींचा समावेश एकदलिकित वर्गातील ऑर्किडेसी कुलात होतो. शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या बहुसंख्य जाती अपिवनस्पती, म्हणजे वृक्षाचा केवळ आधार घेणाऱ्या, त्याचा अन्नरस न शोषणाऱ्या आहेत. त्या बहुवर्षायू असल्याने फुले गळाली तरी झाड संपत नाही. उलट पुढील बहराची तयारी तेव्हाच सुरू होते. हे न कळल्याने पुष्कळ निरोगी झाडे टाकून दिली जातात.

बीड जिल्हा पर्जन्यछायेत असून तेथील उन्हाळा कडक व हवा कोरडी असते. बाजारात मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिस व डेंड्रोबियम यांच्या संकरित जाती मात्र आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया येथील उष्ण, दमट प्रदेशांतील जातींपासून निपजल्या आहेत. म्हणून अशा जिल्ह्यात सावली व आर्द्रता यांची सोय हीच निगेची पहिली पायरी होय. झाड सावलीच्या जाळीखाली किंवा पूर्वेकडील ओसरीत ठेवतात. पाणी भरलेल्या खडीच्या ताटलीवर कुंडी ठेवल्यास भोवतालची हवा दमट राहते. मात्र कुंडीचा तळ पाण्यात बुडू देत नाहीत. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास साठविलेले पावसाचे पाणी वापरणे उत्तम. मुळे रुपेरी दिसू लागली की सकाळी पाणी द्यावे. ती हिरवी असताना पुन्हा दिल्यास कुजतात.

फुलोऱ्यानंतरची छाटणी वाढीच्या प्रकारावर अवलंबून असते. फॅलेनॉप्सिसचा पुष्पदंड हिरवा असल्यास खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर कापतात. तेथून कधीकधी दुसरा बहर येतो. झाड अशक्त असल्यास किंवा दंड वाळल्यास तो बुडाशी कापावा. डेंड्रोबियमची जाड खोडे पाणी व अन्न साठवितात, म्हणून पाने गळाली तरी ती टणक असेपर्यंत ठेवावीत. सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम या जातीला पर्णहीन अवस्थेतच फुले येतात. नवीन मुळे फुटू लागली म्हणजे कुंडी बदलावी. भरावासाठी लोणारी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरतात. साधी माती हवा कोंडून मुळे कुजविते.

शाकीय अभिवृद्धी तीन प्रकारे करतात. आडवे खोड व आभासी कंद असलेल्या कॅटलिया इ. प्रजातींचे विभाजन करताना प्रत्येक भागात तीन-चार कंद व एक जोमदार डोळा ठेवतात. डेंड्रोबियमच्या खोडावर व फॅलेनॉप्सिसच्या पुष्पदंडावर कधीकधी बालरोप येते. त्याची मुळे काही सेंमी. लांब झाल्यावर ते वेगळे करतात. व्हँडासारख्या सरळ वाढणाऱ्या प्रजातीचा शेंडा दोन-तीन वायवी मुळांसह कापून लावतात व खालच्या खुंटालाही नवे फुटवे येऊ शकतात. हत्यार प्रत्येक वेळी ज्योतीवर तापवून निर्जंतुक करणे आवश्यक असते, कारण रसातून व्हायरसजन्य रोग पसरतात.

बियांपासूनची अभिवृद्धी अवघड असते. एका फळात हजारो ते लाखो धुळीसारख्या बिया असतात, पण त्यांत पुष्क नसल्याने निसर्गात विशिष्ट कवकाच्या साहचर्याशिवाय त्या रुजत नाहीत. हे साहचर्य फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये उघड केले. अमेरिकन शास्त्रज्ञ ल्यूइस नुडसन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त निर्जंतुक माध्यमावर, कवकाविना, बिया रुजविल्या. फ्रान्समधील झॉर्झ मॉरेल यांनी १९६० मध्ये प्ररोहाग्राच्या संवर्धनाने सिंबिडियमची रोपे मिळविली. आजची बाजारातील स्वस्त रोपे मुख्यतः ऊतकसंवर्धनाचे फळ आहेत.

रास्ना या नावाने ओळखली जाणारी व्हँडा टेसेलेटा ही जाती महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतही आंबा, बाभूळ इ. वृक्षांवर वाढते. तेथे ती ऊन व अवर्षण सहन करते. पण सालीपासून ओरबाडून आणलेले झाड मुळे तुटल्याने बहुधा अंगणात जगत नाही. तसेच आवश्यक कवक जिथे असेल तिथेच तिच्या बियांतून नवे झाड उगवते, त्यामुळे हलविलेल्या झाडाची जागा सहजी भरून निघत नाही. ऑर्किडेसी कुलातील जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७३ च्या वॉशिंग्टन कराराने नियंत्रित केला आहे. कुंडीतील एका झाडाचे फुलोऱ्यानंतर केलेले विभाजन रानातील एक झाड वाचवू शकते.